त्रेसष्टाव्या पानाचा कोपरा

कॉपर बेंड, मिशिगन
१४ जानेवारी १९७४

प्रिय मिस कोस्केला,

ग्रंथालयात तुमच्या खुर्चीवर बसून मला आता पाच महिने झाले. इतक्या लवकर तुमच्याकडे गाऱ्हाणं घेऊन यावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मुलांसाठी मी जे नवं शेल्फ लावलं, त्याबद्दल तुम्हाला ऑक्टोबरात लिहिलं होतं. कॉलेजात मिळालेल्या यादीतून निवडून मागवलेली बेचाळीस पुस्तकं. अर्धी गोष्टींची, अर्धी वाढत्या वयात काय करावं ते सांगणारी. पाळीबद्दल, मैत्री तुटते त्याबद्दल, वडील दारू पितात त्याबद्दल. मी चौदा वर्षांची असताना यातलं एखादं पुस्तक हाती लागलं असतं तर किती बरं झालं असतं, हा एकच विचार करून मी ती निवडली. तुम्ही आम्हाला गोष्टी छान दिल्यात, पण असली पुस्तकं तेव्हा नव्हतीच.

आता ऐका. गेल्या महिन्यात यातल्या सात पुस्तकांत एकेका पानाचा वरचा कोपरा दुमडलेला सापडला. फक्त एकेका पानाचा, आणि नखाने दाबून, व्यवस्थित. पुस्तकामागच्या खिशातल्या कार्डावर कुणाची सही नाही. म्हणजे पुस्तकं घरी नेलेली नाहीत, किंवा चोरून नेऊन परत ठेवली आहेत.

मी ती पानं लिहून काढली. दारूच्या पुस्तकात पान त्रेसष्ट, जिथे घरातली गोष्ट बाहेर सांगायला हरकत नाही असं म्हटलंय. मुलींच्या पुस्तकात पान एकेचाळीस, जिथे शरीराचं चित्र आहे. एका कादंबरीत पान एकशे अठरा, जिथे मुलगा म्हणतो की मी देव मानत नाही. तुम्हीच सांगा, यात योगायोग आहे का? कुणीतरी माझ्या पुस्तकांवर खुणा करून ठेवतंय, ती पानं उद्या ग्रंथालयाच्या समितीपुढे उघडून दाखवता यावीत म्हणून. दीपगृहावर राहणाऱ्या भावंडांच्या कादंबरीत मात्र पान एकोणतीस दुमडलंय आणि त्यावर समुद्रपक्ष्यांच्या वर्णनाशिवाय काही नाही. तिथे काय खुपलं, ते मला अजून कळलेलं नाही.

इमारतीच्या किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक समितीच्या चिटणीस मिसेस पेल्टो यांच्याकडे. नळ गोठू नयेत म्हणून रविवारी दुपारी भट्टी पेटवायला त्या येतात. शेल्फ लागलं त्या दिवशी त्या समोर उभ्या राहून पाच मिनिटं बघत होत्या आणि म्हणाल्या होत्या, "बरीच धीट आहेस गं." तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती.

किल्ल्या दोनच आहेत ना? एवढं मला नक्की कळवा.

घरी सगळे ठीक. पप्पा जंगलतोडीच्या कॅम्पवर आहेत. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत. रविवारीसुद्धा हल्ली तिला चारपर्यंत थांबवतात. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "पान दुमडलं तर इस्त्री मार. एवढं काय त्यात?"

तुमची,
डार्लीन निएमी


लेक वर्थ, फ्लोरिडा
२२ जानेवारी १९७४

प्रिय डार्लीन,

इथे माझी बहीण रोज सकाळी अंगणातल्या झाडाची संत्री काढते आणि मला दाखवते, जणू ती स्वतः तिने घडवली आहेत. अर्धं कॉपर बेंड इथे येऊन बसलंय, सगळे एकमेकांना तिथल्या बर्फाबद्दल विचारतात. बर्फ नसला की माणसाला बोलायला काही उरत नाही.

दुमडलेल्या पानांचं फार मनावर घेऊ नकोस. एकतीस वर्षांत माझ्या पुस्तकांत मी मासळीचा काटा पाहिलाय, न उघडलेलं प्रेमपत्र पाहिलंय, एकदा अख्खा दात पाहिलाय. पुस्तक वापरलं जातंय याचाच तो पुरावा.

सेल्मा पेल्टो तोंडाने फटकळ आहे. पण जे बोलायचं ते तोंडावर. पानाचा कोपरा दुमडून वाट बघत बसणारी बाई ती नव्हे. ज्या वर्षी मिस्टर ट्रेव्हार्थन समितीचे अध्यक्ष झाले, त्या वर्षी भर मीटिंगमध्ये तिने त्यांना सांगितलं होतं, "तुम्ही खाणीत कॅप्टन होतात, इथे फक्त खुर्चीवर बसायचं आहे."

यादीवरून पुस्तकं मागवतेस ते चांगलं. पण यादी करणाऱ्यांना कॉपर बेंडची पोरं ठाऊक नाहीत. दीपगृहाची दुसरी प्रत नको. घोडी शोधायला निघालेल्या मुलीच्या गोष्टीच्या मात्र आणखी दोन मागव, मुली रांग लावतील.

आईला माझा नमस्कार सांग. तिचे हात कसे आहेत? थंडीत लाँड्रीच्या सोड्याने फार फुटतात.

इल्मा कोस्केला


कॉपर बेंड
३० जानेवारी १९७४

प्रिय मिस कोस्केला,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. किल्ल्यांबद्दल मी विचारलं होतं. संत्र्यांबद्दल उत्तर आलं.

दुसरी गोष्ट मला विचारायला जड जातंय, पण न विचारता झोप लागणार नाही. घोडीच्या गोष्टीबद्दल मी तुम्हाला कधीच लिहिलं नव्हतं. ते पुस्तक मागाहून, ३ डिसेंबरला आलं. तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात. ते आपल्याकडे आहे हे तुम्हाला कसं कळलं? आणि मुलींना ते आवडेल हे कुणी सांगितलं? मी शेल्फ तपासलं, बेचाळिसातल्या ज्या दोन पुस्तकांच्या कव्हरांवर हात लागल्याच्या खुणा आहेत पण आत एकही पान दुमडलेलं नाही, त्यांत ते एक आहे.

इकडून तुम्हाला कुणीतरी लिहितंय. मी कोण ते म्हणत नाही.

गेल्या शनिवारी मी एक युक्ती केली. प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा ठेवला. सोमवारी सकाळी तीन पुस्तकांतले दोरे जमिनीवर होते. शेल्फपाशी ओल वाळल्याचा डाग होता, म्हणजे बुटांचा बर्फ वितळलेला. आणि मैत्रीवरच्या पुस्तकात पान सत्तावीस नव्याने दुमडलेलं, त्यात वेलदोड्याच्या पावाचा चुरा. तो पाव गावातल्या प्रत्येक घरात भाजतात, आमच्यासुद्धा, त्यामुळे पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही. पण रविवारी इमारतीत कोण असतं ते आपल्या दोघींनाही माहीत आहे.

रात्री जेवताना मी बोलून गेले की हे मिसेस पेल्टोंचंच काम. आई ताटावरून मान वर न करता म्हणाली, "सेल्माने असलं काही केलेलं नाही."

"तुला काय माहीत?"

"चाळीस वर्षं ओळखते तिला."

"ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे, आई."

"नसेल बाई," ती म्हणाली. "मी कुठे कॉलेजात गेले." आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

आईचं मन साधं आहे, तिला कुणाचं वाईट दिसतच नाही. मला मात्र शिकवलंय ते गप्प बसायला नाही. २८ फेब्रुवारीला समितीची खुली मीटिंग आहे. मी पानांची यादी वाचून दाखवणार आहे आणि नाव घेणार आहे. त्याआधी तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.

डार्लीन


लेक वर्थ
८ फेब्रुवारी १९७४

डार्लीन,

सेल्माचं नाव घेऊ नकोस. तिने काही केलेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. कशावरून, ते सांगू शकत नाही. कुणाला तरी शब्द दिलाय आणि तो माझा एकटीचा नाही.

वीस वर्षं ती चिटणीस आहे. नवरा गेल्यापासून तिला तेवढंच घराबाहेरचं काम आहे. गावात एकदा नाव घेतलं गेलं की ते परत घेता येत नाही, मग तू नंतर कितीही माफी माग.

थांब. एवढंच मागते.

इल्मा


कॉपर बेंड
१३ फेब्रुवारी १९७४

मिस कोस्केला,

तुमचं पत्र मी यादीसोबत पाकिटात ठेवलं आहे.

मी सात वर्षांची असल्यापासून तुम्ही हातात पुस्तक ठेवायचात आणि म्हणायचात, "हे घे, हे तू खाली ठेवणार नाहीस." आणि मी ठेवत नसे. एकदाही नाही. मला वाटायचं, या बाईंना माझ्या आतलं दिसतं. मी ग्रंथपाल झाले ती त्यामुळे. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, ते त्या पुस्तकांमुळे.

आज तुम्ही मला सांगताय की तुम्हाला खरं माहीत आहे, पण सांगणार नाही. मग मी काय समजायचं? तुम्ही दोघी मिळून माझं शेल्फ तपासताय, असंच ना? तुम्ही निवृत्त झालात, पण कॉपर बेंडच्या पोरांनी काय वाचावं ते अजून फ्लोरिडातून ठरतंय.

मुलांच्या हातातून पुस्तक काढून घेणाऱ्याचं नाव झाकायला मी शिकलेले नाही. २८ तारखेला मी बोलणार.

डी. निएमी


लेक वर्थ
१८ फेब्रुवारी १९७४

प्रिय लेम्पी,

तुझ्या लेकीचं पत्र आजच आलं. शेवटी तिने पूर्ण नावही लिहिलं नाही. गुरुवारी, २८ तारखेला, ती सर्वांसमोर सेल्माचं नाव घेणार आहे.

चूक माझी. घोडीचं पुस्तक तुझ्या पत्रातून कळलं, ते मी तिला लिहून बसले. जाताना मी तुला म्हटलं, किल्ली ठेव, वाचत राहा, पुस्तक जिथे कंटाळवाणं होईल तिथे कोपरा दुमड, नेहमीसारखं. पोरीला मी हळूच सांगेन. आणि मग सांगायचं राहिलं. तिने यादीबद्दल इतक्या अभिमानाने लिहिलं होतं की मला धीर झाला नाही.

चोवीस वर्षं मी गावाला सांगितलं नाही की मुलांची पुस्तकं कोण निवडतं. तूच म्हणाली होतीस, लाँड्रीतली सहावी शिकलेली बाई निवडते म्हटलं तर आयाबाया पुस्तकं घरात घेणार नाहीत. तेव्हा ते बरोबर होतं. सहावीत शाळा सुटली म्हणून तर तू मुलांसारखी वाचतेस: आवडलं तर पुढे, नाही तर खाली. माझं ते केव्हाच गेलं होतं.

मला शब्दातून मोकळी कर. फोन नको, तुमच्या लाइनवर सगळं गाव ऐकतं. उलट टपाली फक्त 'हो' एवढं लिही, मी तिला तार करते.

तुझी इल्मा


कॉपर बेंड
२३ फेब्रुवारी

प्रिय इल्मा,

नको. तारेने सांगायची ही गोष्ट नव्हे.

मी दोनदा सांगायला गेले. एकदा ती कार्डं लिहीत बसली होती, माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तुला नाही समजायचं. चिडून नाही म्हणाली, मायेनेच म्हणाली. मग मी भांडी घासली.

लाज मला तिच्यासमोर वाटते, गावासमोर नाही. तिचं शिक्षण झालं, आता त्यात मी नाक खुपसते असं तिला वाटलं तर? आणि ती चांगली बोलते गं मीटिंगमध्ये. मला ऐकायचंय. मी मागे बसेन. तोवर तिला सुबुद्धी आली तर बरंच. नाही आली तर सेल्माचं नाव खाली पडू देणार नाही.

लेम्पी


कॉपर बेंड
१ मार्च १९७४

प्रिय मिस कोस्केला,

काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लगेच लिहिते.

टाऊन हॉलच्या तळघरात तीसेक माणसं होती. मागच्या रांगेत आई, कोट अंगातच. ती कधी येत नाही, म्हणून मला जरा आनंद झाला. माझी पाळी आली तशी मी यादी वाचली. पुस्तक, पान, पानावर काय आहे ते. मग म्हणाले की रविवारी इमारतीत एकच व्यक्ती असते, आणि मिसेस पेल्टोंचं नाव घेतलं.

मिसेस पेल्टो मीटिंगचा वृत्तांत लिहीत होत्या. त्यांनी स्वतःचं नावही लिहिलं, मग पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सेल्मा नव्हे. पानं मी दुमडली."

मला वाटलं, मला वाचवायला आई काहीतरी बोलतेय. मी म्हटलं, "आई, खाली बस."

"बसते," ती म्हणाली. "आधी बोलू दे." आणि कोटाच्या खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. तिसरी.

मिस्टर ट्रेव्हार्थन म्हणाले, "लेम्पी, तू या जागांवर आक्षेप घेतलास?"

"आक्षेप कसला? तिथे मला झोप आली."

लोक हसले. मी हसले नाही.

"पण पान त्रेसष्ट," ते माझी यादी घेऊन म्हणाले, "दारूचं."

"हां, ते. तिथे झोप नाही आली." आई म्हणाली. "त्याच पानावर खाली लिहिलंय, वडील प्यायलेले असतील तेव्हा त्यांच्याशी शांतपणे बोला. माझा बाप प्यायचा. लिहिणाऱ्याने एकदा तरी बोलून बघितलं असेल का? ज्या पोरीला हे पुस्तक हवंय, ती तिथे पुस्तक मिटणार आणि पुन्हा कुठलंच असलं पुस्तक उघडणार नाही."

"आणि हा देव न मानणारा मुलगा?"

"देवाचं नव्हे हो. त्या पानापासून तो भाषण करायला लागतो. बारा पानं. आमच्या पास्टरांनासुद्धा एवढं जमत नाही."

पास्टर पुढेच बसले होते. तेही हसले.

"आणि एकेचाळीस? ते चित्र?" कुणीतरी मागून विचारलं.

"चित्र बरं आहे. पण तेच तीनदा सांगितलंय. पोरींना एकदा सांगितलेलं कळतं, त्या काय बहिऱ्या आहेत?"

मग त्यांनी विचारलं की एकही पान न दुमडलेली पुस्तकं कुठली. आई म्हणाली, दोन. घोडीचं, आणि ज्या मुलाचे वडील खाणीत गेले त्याचं. दुसरं वाचताना बटाटे करपले. तेव्हा सगळ्या खोलीत फक्त मलाच माहीत होतं की ती खरं बोलतेय, कारण ते करपलेले बटाटे मी खाल्ले होते आणि तिला हसले होते.

घरी येताना पुलापाशी मी विचारलं, "लहानपणी मिस कोस्केला मला जी पुस्तकं द्यायच्या..."

"काही त्यांनी निवडली," ती म्हणाली. आणि थोडं चालल्यावर, "थोडी."

तुमच्यावरही मी संशय घेतला. त्याबद्दल नंतर लिहीन.

डार्लीन


लेक वर्थ
८ मार्च १९७४

प्रिय डार्लीन,

माझ्याबद्दल लिहू नकोस. मी संत्र्यांबद्दल लिहिलं, तेव्हाच तुला संशय घ्यायचा हक्क मिळाला.

सेल्माकडे जा. पत्र नको, स्वतः जा.

आणि एक विचारते, रागावू नकोस. त्या बेचाळिसांपैकी तू स्वतः शेवटपर्यंत किती वाचलीस?

इल्मा


कॉपर बेंड
१८ मार्च १९७४

प्रिय मिस कोस्केला,

एकोणीस. उरलेल्यांची मलपृष्ठं वाचली आणि यादीवर विश्वास ठेवला. पुस्तकावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही, माणसांवर मात्र लगेच सुचलं.

मिसेस पेल्टोंकडे दुसऱ्याच दिवशी गेले होते. त्यांनी दार उघडलं, कॉफी दिली, माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या शेल्फवरची दोन पुस्तकं मला खरंच आवडलेली नाहीत. एकदा विचारायचं होतंस, तोंडावर सांगितलं असतं." मग उठून किल्ली आणून बशीशेजारी ठेवली. मी म्हटलं, असं करू नका, सगळ्यांना खरं कळलंय. त्या म्हणाल्या, "कळलंय ना. पण आता भट्टी पेटवायला आत गेले की मी मागे वळून बघते, कुणी बघतंय का म्हणून. या वयात मला ते नको." चिटणीसपद त्यांनी ठेवलंय. किल्ली परत घेतली नाही. मी दोनदा पुन्हा गेले, दोन्ही वेळा कॉफी मिळाली, किल्लीचा विषय काढू दिला नाही.

म्हणून आता रविवारी भट्टी मी पेटवते.

नव्या पुस्तकांचं खोकं आलं तेव्हा ते मी आईसमोर ठेवलं. ती म्हणाली, "आता नको. आता तू समोर असशील. मी कोपरा दुमडताना तुझ्या तोंडाकडे बघेन आणि नाही दुमडणार." दोन दिवसांनी तीच म्हणाली की रविवारी लाँड्री दोनला सुटते, ती येईल, पुढच्या दाराने. पण अट अशी की ती वाचत असताना मी तिकडे बघायचं नाही, कुठलं पुस्तक घेतलं ते विचारायचं नाही, आणि ती गेल्यावर शेल्फ तपासायचं नाही. जे काय ते महिन्याच्या शेवटी ती सांगेल. मी कबूल झाले.

काल ती आली. बूट झटकले, कोट काढला, खिडकीपाशी बसली. मी माझ्या टेबलाशी उरलेल्या तेवीसांपैकी एक वाचत होते. तासाभराने तिची खुर्ची सरकली. पुस्तक परत जागेवर ठेवल्याचा आवाज आला. ते इतक्या लवकर का ठेवलं, हे मला विचारायचं होतं. "जाताना घरी पाव-बिव काही नेऊ का?" असं विचारून ती निघाली. मी नको म्हटलं.

दार लागलं. मी उठले, शेल्फपर्यंत गेले. तिच्या बुटांचं पाणी फरशीवर होतं, ते पुसलं, आणि परत येऊन बसले.

तुमची,
डार्लीन